मुंबईचं स्वतंत्र संगीत

चित्रपटसंगीताच्या या शहरात स्वतःची गाणी रचून वाजवणारे बँड चाळीस वर्षांपासून आहेत. ‘रॉक मशीन’ हा त्यांतला एक, १९८४ चा. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरू लागला आणि धोबी तलावचं रंगभवन या मंडळींचं हक्काचं ठिकाण झालं. खुलं नाट्यगृह, कॉलेजातल्या पोरांची तुडुंब गर्दी. पण आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे अशा संस्थांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ लागला आणि रंगभवनातलं गाणं थांबलं. रुग्णांना शांतता हवीच. पण तेवढीच परवडणारी दुसरी जागा शहरानं द्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

पुढे २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीताचं ठिकाण सुरू झालं. उत्तम ध्वनियोजना, रोज नवे कलाकार. २०१६ मध्ये तेही बंद झालं.

आज हे संगीत छोट्या जागांमध्ये, तिकिटांच्या बळावर तग धरून आहे. तेव्हा नाव न ऐकलेल्या एखाद्या बँडचं तिकीट काढा आणि प्रत्यक्ष ऐकायला जा.