पहाडी बदख्शान

आज जाऊया ताजिकिस्तानात, पहाडी बदख्शान प्रांतात.

देशाची जवळजवळ निम्मी जमीन या एका प्रांतात आहे.
माणसं मात्र अगदी थोडी.
सगळीकडे पामीरचे डोंगर. शेती होते ती दरीतल्या चिंचोळ्या पट्ट्यांत.

मुख्य ठिकाण खोरोग.
प्रांत स्वायत्त आहे, १९२५ पासून.
पण प्रमुख नेमतात राष्ट्राध्यक्षच! आता याला स्वायत्त म्हणायचं तरी कसं?

पंज नदी म्हणजे अफगाणिस्तानची सीमा.
काही ठिकाणी ती इतकी अरुंद, की पलीकडच्या पायवाटेवरचं ओझ्याचं गाढवही इकडून दिसतं.

पुन्हा सांगतो, जमीन निम्मी, माणसं थोडी.
त्यातही पूर्वेचा मुर्गाब भाग सर्वांत विरळ.
तिथं झाडं जवळपास नाहीतच.
लोक याक पाळतात, आणि चुलीत त्याचंच वाळलेलं शेण जाळतात.