दगडी स्मृतिस्तंभ कसा बांधावा?



दर १७ सप्टेंबरला नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. अर्जापूर तर आपल्या शेजारचे. १९४६ साली गोविंदराव पानसरे तिथेच धारातीर्थी पडले. उद्या आपल्या गावच्या बागेत असा स्तंभ दगडात बांधायचा ठरला, तर काय करावे लागेल, एवढेच मी इंजिनिअर म्हणून सांगणार आहे.

लोक पहिला प्रश्न विचारतात, 'उंची किती?' मी विचारतो, 'पाया किती खोल?' आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. घरांच्या भिंती कशाने तडकतात हे तुम्हांला मी सांगायला नको! १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असा काळा दगड सुमारे ६ टन भरतो. असले ओझे काळ्या मातीवर ठेवले तर ते कलणारच. म्हणून माती काढून मुरमापर्यंत, जमल्यास खडकापर्यंत जावे. हा खर्च वर्गणीदारांना दिसत नाही आणि कात्री नेमकी तिथेच लागते.

बागेत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे माळ्याची पाण्याची नळी. हिरवळ चौथऱ्याला भिडवू नये. सभोवार बाहेर उतार देऊन फरशी करावी.

दगड लांबून आणायला नको. जिल्ह्यात काळा पाषाण आहे, बिलोली-देगलूरकडे ग्रॅनाइट आहे. मात्र सांधे लोखंडी पट्ट्यांनी जोडू नका. लोखंड गंजले की फुगते आणि धडधाकट दगड फोडते. तांबे किंवा न गंजणारे पोलाद वापरावे.

आता नावांविषयी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या स्तंभाचा नकाशा मी केला. शोभेसाठी नावे वरच्या थरात घेतली. उद्घाटनाला एका हुतात्म्याची म्हातारी बहीण आली होती. भावाचे नाव तिला नातवाकडून वाचून घ्यावे लागले. तिने हात वर केला, पण तो पोचला नाही. तेव्हापासून मी नावे छातीच्या उंचीवर घेतो आणि अक्षरे बोटाला लागतील इतकी खोल कोरवतो.

शिवाय एक बाजू कोरी ठेवतो. त्या धामधुमीत मेलेल्या साऱ्यांची नोंद कोणी केली होती? एखाद्या खेड्यातून उशिरा नाव येते, आणि दगड भरलेला असला तर समिती त्या माणसाला परत पाठवते. पाथरवटाला ती बाजूही आताच घडवून, घासून ठेवायला सांगावी.