दोन तबकड्यांचे भांडण

चित्रपट घरी आणून पाहण्याची सोय झाली, तिला आता अर्धशतक लोटले. १९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स फीत बाजारात आणली, १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस आणली, आणि त्या झगड्यात बीटामॅक्स मागे पडली. ही कथा बहुश्रुत आहे. मला सांगावयाची आहे ती तिच्यानंतर तीस वर्षांनी घडलेली. तिच्यात सोनीचीच सरशी झाली, परंतु तो विजय काहीसा अपुरा ठरला.

डीव्हीडीवरील सूक्ष्म खाचा तांबड्या लेझर किरणाने वाचल्या जातात. या किरणाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. त्याच्या जागी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा किरण योजला की तो अधिक बारीक ठिपक्यावर एकवटतो, खाचा लहान करता येतात आणि तेवढ्याच तबकडीवर कितीतरी अधिक तपशिलाचे चित्र मावते. येथवर दोन्ही पक्षांचे एकमत होते. मतभेद होता तो माहितीचा थर किती खोल ठेवावा याविषयी. तोशिबाच्या एचडी डीव्हीडीने तो डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरवर ठेवला. त्यामुळे कारखान्यांतील जुनी यंत्रे थोड्या फेरफाराने चालण्यासारखी होती. सोनी व तिच्या सहकाऱ्यांच्या ब्लू-रेने तो पृष्ठापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. निर्मिती अवघड झाली खरी, परंतु एका थरात १५ ऐवजी २५ गिगाबाइट मावू लागले.

२००६ साली अमेरिकेत दोन्ही तबकड्या विक्रीस आल्या. तोशिबाचे पहिले यंत्र ४९९ डॉलरना, तर सॅमसंगचे पहिले ब्लू-रे यंत्र ९९९ डॉलरना मिळे. युनिव्हर्सलचे चित्रपट एकीकडे, डिस्ने आणि फॉक्सचे दुसरीकडे! अशा वेळी शहाणा गिऱ्हाईक काय करील? तो थांबेल, आणि बहुसंख्य थांबलेच. डीव्हीडीचे चित्र त्यांना पुरेसे वाटत होते. आपल्याकडे तर डीव्हीडीहून कितीतरी धूसर अशी व्हीसीडी घरोघर आनंदाने पाहिली गेली, कारण ती स्वस्त होती. चित्राची स्पष्टता हाच ग्राहकाचा पहिला निकष असतो, हा अभियंत्यांचा समज मला भाबडा वाटतो.

निर्णय झाला तो काहीसा आडवाटेने. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रात ब्लू-रेची सोय होती. खेळासाठी घेतलेले यंत्र चित्रपटही दाखवू लागले. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेतली, आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघार जाहीर केली.

दरम्यान, २००७ सालीच नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवण्यास आरंभ केला होता. पुढे तबकडीची गरजच अनेकांना उरली नाही. ज्यांनी उत्साहाने एचडी डीव्हीडी घेतली, त्यांच्या यंत्रांवर साध्या डीव्हीडी लागत राहिल्या. नव्या तबकड्या मात्र यंत्र चालेल तोवरच चालणार, कारण त्या वाचणारे दुसरे यंत्र कोणी घडवीत नाही.