लिहून ठेवाल तर राहील

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्हांला आता अक्षर ओळखता येते. सही करता येते. एस. टी. ची पाटी वाचता येते. दुकानदाराने दिलेल्या चिठ्ठीवरचा आकडा पडताळून पाहता येतो. फार चांगले झाले. पण वाचता आले म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे लिहिणे. त्या लिहिण्याबद्दल आज मी पाच गोष्टी सांगणार आहे. एक दगडाची, एक कागदाची, एक गाण्याची, एक शेतकरी बाईची आणि एक पाखराची. पाचही खऱ्या आहेत, बरं का.

दगडावरची अक्षरे

पुणे जिल्ह्यात जुन्नर म्हणून गाव आहे. तिथून खाली कोकणात उतरायला एक फार जुनी वाट आहे. तिचे नाव नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी इथे सातवाहन राजांचे राज्य होते. तेव्हा याच वाटेने व्यापारी आपला माल नेत-आणत. घाटाच्या तोंडाशी डोंगरात कोरलेले एक लेणे आहे. त्याच्या भिंतीवर मोठा लेख कोरला आहे. त्याची लिपी ब्राह्मी. आपण आज जी बाळबोध अक्षरे गिरवतो, ती त्या ब्राह्मीतूनच हळूहळू बदलत आली.

पण झाले काय, की पुढे लोक ती लिपी विसरून गेले. अक्षरे डोळ्यांसमोर होती, पण ती वाचणारा कोणी उरला नाही. लेणी कोणी खोदली, कशाला खोदली, काही कळेना. मग लोक म्हणू लागले, "ही पांडवांची करणी!"

शेकडो वर्षे अशी गेली. मग १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज माणसाने ही लिपी उलगडली. तो कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीला होता. त्याने ती कशी उलगडली, ते ऐका. मध्य प्रदेशात सांची येथे बुद्धाचा मोठा स्तूप आहे. तिथल्या दगडी कठड्यावर बारीकसारीक लेख आहेत. प्रिन्सेपने पाहिले, की पुष्कळ लेखांच्या शेवटी तीच ती दोन अक्षरे येतात. तो विचार करू लागला. देवळात पायरी किंवा घंटा दिली, की आपण त्यावर काय लिहितो? अमक्याने दिली. मग हा शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे! झाले. 'द' सापडला, 'न' सापडला. मग या अक्षरांच्या आधाराने बाकीची अक्षरे सापडत गेली.

तुम्ही तरी काय केलेत? ओळखीच्या शब्दातून अक्षर ओळखलेत आणि त्या अक्षरावरून नवा शब्द वाचलात. मोठ्या पंडिताची रीत आणि तुमची रीत एकच.

लिपी वाचता आल्यावर नाणेघाटचा लेख बोलू लागला. तो सातवाहनांच्या एका राणीचा आहे. तिला नागनिका म्हणतात. कोणकोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी, सगळे त्यात आकड्यांनिशी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आज आपण वाचू शकतो. कारण तो कोणीतरी लिहून ठेवला.

माळ्यावरचे कागद

आता कागदाची गोष्ट. कागद दगडासारखा टिकत नाही. त्याला वाळवी लागते, पाऊस लागतो, आग लागते. आपल्याकडे जुन्या वाड्यांत मोडी लिपीतले कागद फडक्यात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. म्हातारे लोक वारले, मुलांना मोडी येईना. मग रुमाल माळ्यावर पडून राहत. कधी ते उंदरांच्या तोंडी जात, कधी चुलीत जात.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांचा जन्म १८६३ सालचा. त्यांनी पाहिले, की मराठ्यांचा इतिहास असा डोळ्यांदेखत जळून जात आहे. ते घराबाहेर पडले. गावोगाव हिंडले. वाड्यांच्या मालकांना विनवण्या केल्या. माळे धुंडाळले. मिळतील ते कागद वाचले, नकलून घेतले आणि छापले. त्यांचे पहिले पुस्तक १८९८ साली निघाले. त्यात पानिपतच्या लढाईच्या आधीची आणि त्या वेळची पत्रे आहेत. ती लढाई १७६१ सालची. राजवाड्यांनी अशी एकूण २२ पुस्तके काढली. १९२६ साली धुळ्यास ते वारले.

राजवाड्यांची एक शिकवण ध्यानात ठेवा. पानिपतच्या गोष्टी बखरींतही होत्या. पण पुष्कळ बखरी मागाहून, ऐकीव गोष्टींवरून लिहिलेल्या. पत्र त्याच वेळी लिहिलेले असते. त्यावर दिवस असतो. लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून राजवाडे अस्सल पत्राला जास्त मान देत. तुम्हीसुद्धा काही लिहाल तेव्हा तारीख घालायला विसरू नका.

गळ्यातले गाणे

दगड झाला, कागद झाला. पण गाणे? ते तर हवेत विरून जाते! ते कसे धरून ठेवायचे?

पूर्वी आपल्याकडे राग आणि चिजा गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जात. चीज म्हणजे रागात बांधलेले गाणे. काही उस्ताद आपली चीज सहजी कोणाला देत नसत. ती त्यांची मिळकत होती. मुलाला द्यायची, फार तर आवडत्या शिष्याला द्यायची. शिष्य मिळाला नाही, तर उस्तादाबरोबर चीजही मातीत जाई.

मुंबईला १८६० साली पंडित विष्णु नारायण भातखंडे जन्मले. ते शिकून वकील झाले. पण मन गाण्यात. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि सगळा हिंदुस्थान पालथा घातला. उस्तादांच्या दारी गेले. ते हिंदू आहेत की मुसलमान, असे पाहिले नाही. ज्याच्याजवळ विद्या, त्याच्यापुढे ते बसले. चिजा ऐकल्या आणि लिहून घेतल्या.

गाणे लिहायचे म्हणजे नुसते शब्द लिहून भागत नाही. सूरही लिहावा लागतो. त्यासाठी भातखंड्यांनी सोप्या खुणा ठरवल्या. सा रे ग म हीच अक्षरे. सूर कोमल असेल, तर अक्षराखाली आडवी रेघ. सूर खालच्या पट्टीतला असेल, तर खाली टिंब. वरच्या पट्टीतला असेल, तर वर टिंब. बस्स! ही खूण ज्याला कळली, त्याला कागदावरून सूर वाचता येतो. शेकडो चिजा त्यांनी अशा लिहिल्या आणि त्यांची सहा पुस्तके छापली. रागांची त्यांनी दहा घराण्यांसारखी मांडणी केली. त्यांना थाट म्हणतात. आपल्या भजनाच्या शेवटी भैरवी म्हणतात ना? ती त्या दहांतल्या भैरवी थाटातली.

कोणी म्हणेल, "कागदावरून का गाणे येते?" खरे आहे. गळा तयार व्हायला गुरू लागतोच. कागद गुरूची जागा घेत नाही. पण गुरू गेल्यावर निदान चीज तरी राहते. १९३६ साली भातखंडे गेले. त्यांनी उतरवून ठेवलेल्या चिजा आजही मुले-मुली शिकतात.

आईची गाणी, मुलाची वही

आता मी ज्यांच्याबद्दल सांगणार, त्या बाई तुमच्या-माझ्यासारख्याच खेड्यातल्या. शेतात राबणाऱ्या. त्यांना लिहिता-वाचता मुळीच येत नव्हते.

त्यांचे नाव बहिणाबाई चौधरी. खानदेशात जळगावजवळ असोदे गाव आहे. तिथे १८८० साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी लग्न झाले. तरुणपणीच नवरा वारला. पदरात मुले. घरचे आणि शेतातले काम त्या करीत आणि करता करता गाणी जुळवीत. जात्यावर बसल्या, की गाणे. शेतात गेल्या, की गाणे. पेरणी, मळणी, विहिरीची मोट, माहेर, माणसाचे मन, सगळे त्यांच्या गाण्यांत आले. बोली खानदेशातली.

त्यांचा मुलगा सोपानदेव शिकला. तोही कवी झाला. आईची गाणी त्याने आणि एका नातलगाने वहीत उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखून गेले. १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक निघाले आणि सगळ्या महाराष्ट्राला कळले, की खानदेशात एवढी मोठी कवयित्री होऊन गेली. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अहो, ज्या बाईला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिचे नाव विद्यापीठाच्या दारावर!

आता जरा मनाशी विचार करा. ती वही नसती तर? जी गाणी वहीत आली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबर गेली. आणि अशा किती बहिणाबाई गावोगाव होऊन गेल्या असतील? त्यांच्याजवळ वही घेऊन बसणारे कोणी नव्हते. आज तुमच्या घरात वही आहे. पेन्सिल आहे. आणि ती धरणारा हातही आहे.

आणखी एक. सोपानदेवांनी आईची बोली बदलून शहरी केली नाही. आई बोलली तसे लिहिले. म्हणून त्या गाण्यांची गोडी राहिली. आपली बोली लिहायला लाजू नका.

पाखराचे घर

बहिणाबाईंचे एक गाणे सुगरणीच्या खोप्यावर आहे. तुम्ही खोपा पाहिलाच असेल. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, शिंदीच्या झाडाला हे खोपे लोंबत असतात. किती सुबक विणकाम! ना सुई, ना हात. नुसत्या चोचीने.

आपण म्हणतो सुगरण. म्हणजे मादी. आपली समजूत अशी, की मादी आपल्या पिलांसाठी घर विणते. पण खरे काय आहे?

डॉक्टर सलीम अली हे आपल्या देशातले मोठे पक्षितज्ज्ञ. जन्म मुंबईचा, १८९६ सालचा. १९३० च्या सुमारास त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. तेव्हा ते अलिबागजवळ किहीम या गावी राहत होते. तिथे एका झाडावर सुगरणीची वसाहत होती. सलीम अली आडोशाला बसून दिवसच्या दिवस तिकडे पाहत राहिले. आणि पाहिले ते लगेच वहीत टिपत गेले.

त्यांना काय दिसले? विणतो तो नर. गवताच्या, भाताच्या पात्याच्या लांब चिरफळ्या काढतो आणि विणतो. खोपा अर्धा झाला, की माद्या येतात. आत-बाहेर फिरून तपासतात. नापसंत असेल, तर निघून जातात. पसंत पडला, तर मादी तिथे राहते. मग नर उरलेला खोपा पुरा करतो आणि खाली लांब नळी विणतो. मादी अंडी घालते, उबवते, पिलांना भरवते. आणि नर? तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. पुन्हा नवी मादी, नवा संसार!

आणखी एक समजूत तुम्ही ऐकली असेल. सुगरण खोप्यात ओली माती लावते आणि उजेडासाठी तीत काजवे चिकटवते. खोप्यात मातीचे गोळे असतात, हे खरे. काजव्यांच्या दिव्याची गोष्ट मात्र नुसती ऐकीव.

म्हणून का बहिणाबाईंचे गाणे खोटे ठरले? मुळीच नाही. गाणे आपल्याला कष्टाची आणि मायेची गोष्ट सांगते. ते त्याच्या जागी खरे आहे. पण पाखराची रीत जाणून घ्यायची, तर आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहिले ते लिहावे. १९४१ साली सलीम अलींनी भारतातल्या पक्ष्यांचे पुस्तक छापले. ते हाती घेऊन कितीतरी लोक पाखरे ओळखायला शिकले. १९८७ साली सलीम अली वारले. पुस्तक अजून वाचतात.

तुम्ही काय लिहाल?

मंडळी, तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही काय लिहिणार? आमच्याकडे राणीचा लेख नाही, की उस्तादाची चीज नाही."

मी विचारतो, १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तुमच्या गावातल्या कोणत्या विहिरीला पाणी टिकले होते? हे गावात कोणाला ठाऊक आहे? दोन-चार म्हाताऱ्या माणसांनाच ना? ती माणसे गेली, की ही माहितीही गेली. पुन्हा दुष्काळ पडला, तर पाणी कुठे शोधायचे, ते कोणाला विचाराल? तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. आता दळण गिरणीत जाते. तुमच्या सुनेला त्या ओव्या कोण सांगणार? पूर्वी गावात ज्वारीच्या, भाताच्या कोणत्या जाती पेरीत, त्यांची नावे तरी तुमच्या मुलांना माहीत आहेत का?

तेव्हा असे करा. एक वही घाला. घरातल्या नाहीतर आळीतल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. आजोबा असोत, मावशी असो, म्हातारा गडी असो. जातपात पाहू नका. रोज एकच गोष्ट विचारा आणि चार ओळी लिहा. वर तारीख घाला. सांगणाऱ्याचे नाव घाला. जसे सांगितले तसेच लिहा. पाहिलेले असेल, तर 'पाहिले' लिहा. ऐकलेले असेल, तर 'ऐकले' लिहा. अक्षर वेडेवाकडे आले, तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, तरी चालेल. मागाहून सुधारता येते. सांगणारा माणूस मात्र मागाहून मिळत नाही.

पुढल्या शनिवारी वर्गाला येताना ती वही बरोबर आणा. ज्याने-त्याने आपले एक पान सर्वांना वाचून दाखवावे. पहिले पान विहिरींचे असू द्या.