सांता फे येथील मायागृह

महाभारताच्या सभापर्वातील मयसभेची गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतून मुलांना लहानपणीच सांगितली जाते. स्फटिकाची भूमी होती तेथे पाणी समजून दुर्योधनाने वस्त्रे सावरली. खरे पाणी होते तेथे भूमी समजून तो त्यात पडला. आणि दार उघडे आहे असे वाटले तेथे स्फटिकाच्या बंद दारावर त्याचे कपाळ आपटले. गोष्ट ऐकताना मुले खदखदून हसतात. परंतु गोष्टीचा शेवट हसण्यासारखा नाही. भीमसेनाला व इतरांना जे हसू आले, त्याचा सल दुर्योधनाच्या मनात कायम राहिला. द्यूताचा बेत त्यातूनच बळावला, आणि पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. मयासुराचे कौशल्य अपूर्व होते यात शंका नाही. दोष त्या कौशल्यात नव्हता. चुकलेल्या पाहुण्याला हसणारे लोक तेथे उभे होते, हा दोष होता.

पाहुण्याला चकवणारी, त्याला भूल पाडणारी व कोडी घालणारी घरे बांधण्याची माणसाची हौस अद्यापि संपलेली नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू मेक्सिको संस्थानात, सांता फे या राजधानीच्या शहरी, २०१६ सालच्या मार्च महिन्यात असेच एक घर लोकांसाठी खुले झाले. ‘हाउस ऑफ इटर्नल रिटर्न’ हे त्याचे नाव. मराठीत त्याला चिरंतन पुनरागमनाचे घर म्हणता येईल. ते घर, त्यात शिरणारा माणूस आणि ते उभारणारे हात या तिहींचा विचार एकत्र केल्यास मयसभेच्या जुन्या गोष्टीवरही थोडा नवा प्रकाश पडतो.

सांता फे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर वसलेले आहे. स्पॅनिश लोकांनी १६१० साली ते राजधानी म्हणून वसवले. मातीच्या रंगाची, सपाट छपरांची, गोलसर कोपऱ्यांची बुटकी घरे ही त्याची ओळख होय. २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणे तेथील वस्ती ८७,००० च्या आसपास होती. वस्तीच्या मानाने शहर लहान. पण चित्रांच्या व शिल्पांच्या व्यापारात त्याचे नाव मोठे आहे. श्रीमंत गिऱ्हाईक दूरदूरच्या गावांहून तेथे येते आणि ओळीने मांडलेल्या दालनांतून चित्रे विकत घेऊन जाते.

अशा गावात ज्या तरुण कलावंतांना दालनाचे दार उघडे नसेल, त्यांनी काय करावे? अशा काही तरुणांनी २००८ साली आपला एक मेळा जमवला. नाव ठरवण्याची त्यांची रीत मोठी गमतीची होती. प्रत्येकाने शब्द लिहून चिठ्ठ्या एका टोपीत टाकल्या आणि दोन चिठ्ठ्या उचलल्या. एकीवर निघाले ‘म्याऊ’ व दुसरीवर ‘वुल्फ’. मांजराचा आवाज आणि लांडगा यांचा परस्परांशी काय संबंध, हे कोणी विचारले नाही. ‘म्याऊ वुल्फ’ हेच नाव कायम झाले. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू गोळा करायच्या, त्या जोडायच्या, रंगवायच्या आणि एखाद्या जागेचे रूप असे पालटून टाकायचे की आत शिरणाऱ्याला आपण कोठे आलो याचा उलगडा होऊ नये, हा त्यांचा उद्योग. २०११ साली त्यांनी सांता फे येथेच सुमारे ७५ फूट लांबीचे एक दुमजली जहाज उभे केले. पाण्याचा थेंब नसलेल्या दालनात ते उभे होते. लोक त्यात चढत, खोल्याखोल्यांतून हिंडत, खण उघडीत आणि जहाजावरील माणसांची हकीकत स्वतःच्या बुद्धीने जुळवीत.

पुढे त्यांना स्वतःच्या कायम जागेची आस लागली. गावात बोलिंगच्या खेळाची एक जुनी इमारत रिकामी पडून होती. लाकडी पट्ट्यावरून जड चेंडू गडगडत सोडून पलीकडचे खुंट पाडण्याचा हा खेळ. तो बंद पडल्यावर इमारतीला कोणी वाली उरला नव्हता. अद्भुत कादंबऱ्यांचे सुप्रसिद्ध लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन हे १९७९ पासून सांता फे येथेच राहात आलेले आहेत. त्यांनी ती इमारत विकत घेऊन, दुरुस्त करवून या मेळ्याला भाड्याने दिली. आत सुमारे २०,००० चौरस फूट जागा. तेथे शंभराहून अधिक कलावंत व कारागीर खपले आणि सत्तरांवर लहानमोठ्या खोल्या उभ्या राहिल्या. पहिल्याच वर्षी सुमारे ४,००,००० लोक ते घर पाहून गेले. म्हणजे गावच्या वस्तीच्या चौपटीहून अधिक.

इमारतीच्या बाहेर मोटारी उभ्या करण्याच्या जागेत एक प्रचंड यंत्रमानव हातात फूल घेऊन उभा आहे. त्याला ओलांडून प्रेक्षक आत गेला की समोर एक साधे दुमजली घर दिसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मेंडोसिनो गावचे ते घर आहे, असे मानावयाचे. सीलिग आडनावाचे एक कल्पित कुटुंब तेथे राहात होते. दिवाणखाना आहे, स्वयंपाकघर आहे, मुलांच्या खोल्या आहेत, पलंगांवर चादरी आहेत, मेजावर वर्तमानपत्रे व टपालाने आलेली पत्रे पडलेली आहेत. माणसे मात्र कोणी नाहीत. घरात काहीतरी विपरीत घडले, लेक्स नावाचा मुलगा हरवला, आणि त्यामागून कुटुंबाचीही वाताहत झाली. काय घडले, का घडले, कोणामुळे घडले? पाट्या नाहीत, वाटाड्या नाही. ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने रोजनिशी उघडावी, पत्रे वाचावी, बारीक अक्षरांतील टाचणे ताडून पाहावी.

आणि ज्याला वाचण्याचा कंटाळा असेल त्याने काय करावे? त्याने स्वयंपाकघरातील शीतकपाट उघडावे. आत दूध नाही, लोणी नाही. एक पांढराशुभ्र, लख्ख उजेडाचा बोळ थेट आत गेलेला दिसतो. दिवाणखान्यातील शेकोटीच्या तोंडातून ओणवे होऊन रांगत गेले तर पलीकडे गुहा लागते. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या गोल दारातून मूल आत घसरते ते तिसऱ्याच ठिकाणी निघते. घराच्या पाठीमागे झाडाझाडांवर घरे बांधलेले, रंगीत उजेडाचे एक अरण्य पसरलेले आहे. मॅस्टोडॉन नावाच्या, हत्तीच्या नष्ट झालेल्या भाऊबंदाचा सांगाडा गुहेत उभा आहे. त्याच्या बरगड्यांवर टिपरी मारली की काष्ठतरंगासारखे सूर निघतात. एका अंधाऱ्या जागी धुरकट हवेत प्रकाशाच्या तारा उभ्या आहेत. आडवा हात धरून एखादी तार तोडली की ती वाजते. एक खोली तर अशी की तिच्यातील सर्व वस्तू पांढऱ्यावर काळ्या रेघांनी काढलेल्या. आत उभा राहिलेला माणूस चित्राच्या वहीत सापडल्यासारखा दिसतो.

कोड्यांची आणखीही घरे जगात निघालेली आहेत. जपानात क्योटो येथे २००७ साली ‘सुटकेच्या खोली’चा खेळ सुरू झाला आणि काही वर्षांत तो शहरोशहरी पसरला, मुंबई-पुण्यातही तो येऊन पोचला. चार-सहा मित्रांना एका खोलीत सोडतात, भिंतीवर घड्याळ चालू करतात आणि बहुधा तासाभरात कुलपामागून कुलूप उघडीत बाहेर पडा म्हणून सांगतात. खेळ चांगला आहे. बुद्धीला धार येते आणि एकमेकांचे ऐकण्याची सवय लागते. तथापि त्याची जात परीक्षेची आहे. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेले, वेळ ठरलेला. अंकगणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरे छापलेली असतात, तसे त्या खोलीचे उत्तर खोली मांडणाऱ्यापाशी लिहून ठेवलेले असते.

सांता फे येथील घराची जात निराळी. येथे घड्याळ नाही. उत्तीर्ण कोण व अनुत्तीर्ण कोण हे सांगणारा कोणी नाही. गोष्ट आहे, तिला धागेदोरे आहेत. पण ती न उलगडता कोणी नुसता भटकून परत गेला तरी त्याचा दिवस वाया गेला असे कोणी म्हणत नाही. शाळेत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला ही व्यवस्था प्रथम सैल वाटेल. परीक्षा नाही तर मुलगा प्रयत्न कशाला करील, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घरात शिरलेल्या एखाद्या कुटुंबाच्या वर्तनावरूनच काढले पाहिजे.

अशी कल्पना करावी की एक आजोबा आपल्या नऊ-दहा वर्षांच्या नातवाला घेऊन त्या घरात आले आहेत. नातू पहिल्या क्षणीच शेकोटीत शिरून दिसेनासा होतो. आजोबांचे गुडघे त्या वाटेने जाऊ देत नाहीत. ते दिवाणखान्यात खुर्ची ओढून बसतात, चष्मा पुसतात आणि समोरची रोजनिशी वाचू लागतात. अर्ध्या तासाने नातू वरच्या जिन्यावरून धापा टाकीत येतो आणि आपण काय काय पाहिले ते एका दमात सांगतो. त्याला आश्चर्ये ठाऊक झाली आहेत, पण त्यांचा अर्थ ठाऊक नाही. आजोबांना अर्थ थोडाबहुत लागला आहे, पण त्यांनी आश्चर्य पाहिलेले नाही. एकाच्या पायांनी आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी मिळवलेले जोडल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. मग नातू आजोबांचा हात धरून त्यांना जिन्याच्या सोप्या वाटेने अरण्यापर्यंत नेतो, आणि आजोबा त्याला रोजनिशीतील एक पान वाचून दाखवतात. त्या पानासाठी तो मुलगा दहा मिनिटे एका जागी उभा राहतो. वर्गात ज्याला दोन मिनिटे स्थिर ठेवताना गुरुजींची दमछाक होते, त्याच वयाचा हा मुलगा! प्रश्न त्याला कोणी घातला नव्हता. प्रश्न त्याचा स्वतःचा होता, इतकाच काय तो फरक.

या घरात उणे काही नाही असे मात्र नव्हे. गर्दीच्या दिवशी गलका होतो, आणि गलक्यात रोजनिशी वाचणे कठीण. लखलखणाऱ्या दिव्यांचा काहींना त्रास होतो. पुष्कळ लोक वस्तूंकडे पाहण्याऐवजी वस्तूंपुढे स्वतःची छायाचित्रे घेण्यातच वेळ दवडतात. शिवाय सत्तर खोल्यांचे वैभव इतके आहे की डोळे भरतात आणि मन रिकामेच राहू शकते. पाहणे आणि शोधणे यांत अंतर आहे. ते अंतर तोडण्याचे काम घर करीत नाही, ते ज्याचे त्यालाच करावे लागते.

दुसरी एक बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. टाकाऊ वस्तूंतून आश्चर्ये निर्माण करणारा तो मेळा यशामुळे मोठी व्यापारी संस्था बनला. २०२१ साली लास व्हेगस व डेनव्हर येथे, २०२३ साली टेक्सासमधील ग्रेपव्हाइन येथे आणि २०२४ साली ह्यूस्टन येथे त्याने नवी मायागृहे उघडली. लास व्हेगसचे घर बाहेरून किराणा मालाचे दुकान वाटते. ह्यूस्टनच्या घराची गोष्ट तर एका कल्पित रेडिओ केंद्राभोवती गुंफलेली आहे. पण याच वाटेवर २०२० साल आले. महामारीमुळे सांता फे येथील दारे मार्चमध्ये बंद झाली आणि एप्रिलमध्ये सुमारे २०० लोकांना कामावरून दूर करावे लागले. त्याच वर्षी तेथील कामगारांनी आपली संघटना उभारली. आश्चर्य हे हौसेने निर्माण होते हे खरे. परंतु ते रोज सकाळी दहा वाजता पुसून, झाडून, दिवे लावून तयार ठेवावयाचे असेल तर त्यासाठी हात लागतात, आणि त्या हातांना पोट असते. मायागृहाच्या भिंती मायेने उभ्या राहात नाहीत.

मयासुर मयसभा बांधून निघून गेला, व पुढे त्या सभेशी त्याचा संबंध उरला नाही. ती सभा राजाच्या ऐश्वर्याची खूण होती, आणि जो तेथे चुकला तो एकटा चुकला. सांता फे येथील घरात सर्वच चुकतात. शेकोटीतून न्यायाधीशही रांगत बाहेर पडतो आणि हमालही. दोघांच्याही गुडघ्यांना सारखीच धूळ लागते. बाहेर पडणाऱ्याला समोर रांगण्याच्या बेतात असलेला दुसरा दिसतो, तेव्हा तो त्याला हसत नाही. ‘जा, पुढे गंमत आहे,’ असे सांगून बाजूला होतो.

चुकण्याची लाज काढून टाकली की माणूस, मग तो नऊ वर्षांचा असो वा पासष्टांचा, स्वतःहून शोधू लागतो. त्या घरातील सर्व यंत्रे व दिवे यांहून ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि तिला २०,००० चौरस फूट जागा लागत नाही. ज्या घरात मुलाच्या चुकीच्या उत्तराला कोणी हसत नाही, त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही एखादे शीतकपाट वा एखादे जुने कपाट केव्हा दुसऱ्या जगाचे दार होईल, याचा नेम नसतो.