शेताचा कोपरा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



गणरायाच्या मांडवात आम्हां बेने इस्राएल मंडळींना बोलावलंत, याबद्दल मनापासून आभार. आम्ही यहुदी, पण घरची भाषा मराठी. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद असे. त्यावरून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावंही गावांवरूनच पडली: पेणकर, केहिमकर. आज आमच्या धर्मातल्या दानाविषयी थोडं सांगतो.

हिब्रूत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. त्याचं मूळ ‘त्सेदेक’, म्हणजे न्याय. देणारा उपकार करत नाही. ज्याचं त्याला पोचवतो, एवढंच.

तोरामधल्या ‘लेवीय’ या ग्रंथाच्या 19व्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे: कापणी करताना शेताचे कोपरे सोडून द्या, खाली पडलेली कणसं वेचू नका. ती गरिबांची आणि परक्यांची. मालकानं वाटप करायचं नाही. गरजूनं स्वतः येऊन न्यायचं. म्हणजे कुणापुढे हात पसरायला नको. याच अध्यायात पुढे सांगितलंय, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा. परक्यावरही करा, कारण मिसर देशात तुम्हीही परकेच होतात.

ही आज्ञा प्रत्यक्षात कशी उतरते, ते रूथच्या कथेत दिसतं. रूथ मवाब देशाची, तरुण विधवा. सासूला एकटं न सोडता ती तिच्याबरोबर बेथलेहेमला आली आणि बवाजाच्या शेतात पडलेली कणसं वेचू लागली. बवाजानं गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली पडू द्या, आणि तिला रागावू नका. मदत तर झाली, पण ती तिनं कष्टानंच मिळवली. पुढे दावीद राजा झाला, तो याच परक्या सुनेचा पणतू.

12व्या शतकातले वैद्य आणि धर्मपंडित मैमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची, नाखुशीनं देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळखच नसणं. सर्वांत वरची, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं.

आणि श्रद्धा? दर सातव्या वर्षी कर्ज माफ करावं, अशी तोराची आज्ञा. मग सहाव्या वर्षी उसनं कोण देणार? ही शंका ओळखूनच तोरा बजावते: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून मूठ आवळू नकोस. देव पुरवील, हा विश्वास प्रार्थनेत सोपा असतो. तिजोरीपाशी त्याची परीक्षा होते.

मंडळी, या शहरात आपण सगळेच कधीतरी परके म्हणून आलो. कुणीतरी आपल्यासाठी शेताचा कोपरा सोडला, म्हणून रुजलो. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यक्रमांत गरजू मुलांना मंचावर बोलावून फीचं पाकीट देतात, फोटो काढतात. हेतू चांगलाच असतो. पण समोर वर्गमित्र बसलेले असतात, आणि मुलाची मान खाली जाते. देणगीदारांची नावं खुशाल छापावीत. घेणाऱ्याचं नाव मात्र झाकावं आणि फी परस्पर शाळेत भरावी. बवाजानंही बहुधा हेच केलं असतं.

शालोम. नमस्कार.