भुताच्या प्रेमात पडलेली बाई आणि आमचा झोपाळा

हेडफोन लावा, पण घाबरू नका. आजच्या भुताच्या गोष्टीत कुणी किंचाळत नाही.

सिनेमा १९४७चा, 'द घोस्ट अँड मिसेस म्यूर'. जोसेफिन लेस्ली या बाईंनी आर. ए. डिक या नावाने लिहिलेल्या १९४५च्या कादंबरीवरचा. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, गाव इंग्लंडातलं. विधवा ल्यूसी सासू-नणंदेला रामराम ठोकते, लहान मुलीला घेऊन समुद्रकाठचं घर भाड्याने घेते. घरात जुना मालक कॅप्टन ग्रेग आहेच. म्हणजे, मेलेला. लोकांना वाटतं त्याने आत्महत्या केली. खरं तर झोपेत गॅसच्या हीटरला पाय लागला, बस! तो तिला घाबरवायला बघतो, ती हलत नाही. पैसे संपतात तेव्हा तो आपल्या आठवणी सांगतो, ती टाइप करते, पुस्तक खपतं, घर टिकतं. मिठी नाही, स्पर्श नाही. एका छपराखाली गप्पा आणि भांडणं, एवढंच.

मी हा सिनेमा गावी आईसोबत लॅपटॉपवर पाहिला. संवादांचं मराठी मी करत होतो. खरं सांगू? मी गेलो होतो घर विकायचं पक्कं करायला. बाबांना जाऊन दोन वर्षं झालीत, आई एकटी, आणि मी पुण्यात फ्लॅट बघून ठेवलाय. रात्री ओटीवरचा झोपाळा कुरकुरतो. मी म्हणतो, वारा. आई त्याला सांगते, "आज लाइट बिल भरलं हं."

तर शेवट. (स्पॉयलर आहे, पण सिनेमा इतका जुना आहे की चालेल.) तिचं भलं व्हावं म्हणून कॅप्टन मधेच निघून गेलेला असतो. म्हातारी ल्यूसी खुर्चीतच जाते. तो येतो, हात पुढे करतो, आणि ती उठते ती एकदम तरुण होऊन! माझ्या डोळ्यांत पाणी. आई मात्र वैतागली.

"तरुण कशाला केली रे तिला? एवढी वर्षं काढली बाईने त्या घरात. पांढऱ्या केसांची चालली नसती का त्याला?"

मी म्हटलं, अगं, हॉलिवूड आहे. नायिका जीन टियर्नी तेव्हा २६ची होती, माझ्याहून लहान.

"असेल," आई म्हणाली. मग ओटीकडे बघून, "ह्यांना चालते."

ब्रोकरला शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचंय. आज बुधवार. मी अजून फोन केलेला नाही.